मनगटावरचं घड्याळ

कारखान्यात माझ्या एका हाकेवर चाळीस माणसं हलतात. घरी आलो की मात्र मी दारातच घड्याळ काढून बायकोच्या हातात देतो. ते तिने मनगटावर बांधलं की जेवायचं कधी, झोपायचं कधी, मी कुठे बसायचं, सगळं ती ठरवते. ताटाखालचं मांजर म्हणणारे खुशाल म्हणोत. कल्पना माझीच होती. तिने विचार करायला दोन महिने घेतले आणि एकच अट घातली: दोघांपैकी कुणीही 'पुरे' म्हणालं की घड्याळ परत.

सहा वर्षांत मी दोनदा म्हणालो, ती कधीच नाही. काल तिच्या आईला दवाखान्यात भरती करून ती आली. मी घड्याळ पुढे केलं, तर म्हणाली, "पुरे. आज मला काहीच ठरवायचं नाहीये."

मी घड्याळ खिशात टाकलं. तिला खुर्चीत बसवलं, कोमट पाणी आणलं आणि जमिनीवर बसून तिचे पाय धुऊ लागलो, एरवी ती सांगते तेव्हा धुतो तसेच.

"अरे, आज तर तुला कुणी सांगितलं नाही," ती डोळे न उघडताच म्हणाली.

"म्हणूनच तर," मी म्हणालो.