बाण नसलेला चिखल

मला एका जागी बसवत नाही, हे आधीच सांगून टाकते. आई म्हणते, "ही पोटातसुद्धा बसली नव्हती, येरझाऱ्या घालायची." भरतीच्या वेळी घरात मी भांडी आपटते, दारं उघडते, लावते, आणि ओहोटी लागली की उकरायचा लोखंडी पंजा आणि बादली घेऊन चिखलात उतरते. तेव्हा कुठे हातापायांना स्वस्थता येते. आम्ही शिंपल्या उकरतो. आई उकरायची, तिचे गुडघे गेले, आता मी उकरते. बंदराच्या भिंतीपलीकडे ओहोटीला जो काळा चिखल उघडा पडतो, त्यावर आमच्यासारख्या बऱ्याच बायकांची घरं चालतात.

धाकटा भाऊ माझ्या अगदी उलट. किनारा सांभाळणाऱ्या सरकारी कार्यालयात नोकरीला, आवाज कधी चढलेला नाही, शर्टाची इस्त्री स्वतः करतो. म्हणून घरात त्याला आम्ही 'साहेब' म्हणतो. गेले काही महिने साहेबांनी जेवणाच्या टेबलावर एक भलामोठा कागद पसरून ठेवला होता. त्यावर चौकटीच चौकटी आणि बाणच बाण. आम्ही ताटं कडेकडेनं ठेवून जेवायचो. आमटीचा एक थेंब सांडला, तर आई माझ्याकडे आधी बघायची.

एकदा त्यानं मला समजावून सांगितलं होतं. मी उभ्याउभ्याच ऐकलं.

"हे बघ ताई. इथे माणसाची गरज. त्या गरजेपोटी माणूस जे करतो, त्यानं समुद्रावर येणारा ताण इथे. त्या ताणानं पाण्याची, चिखलाची काय स्थिती झाली, ती इथे. त्याचा परिणाम परत कुणाला भोगावा लागतो, ते इथे. आणि शेवटी उपाय."

"म्हणजे कोंबडी आधी की अंडं आधी."

"कोंबडी, अंडं आणि खुराड्याचा परवाना," तो म्हणाला. विनोद करतानाही याचा चेहरा हलत नाही.

मी हसले आणि ओहोटीला पळाले. तो कागद नीट वाचावा, असं काही माझ्या मनात आलं नाही. घरच्या माणसाचं काम कोण वाचतं?

मग एका सकाळी शिंपल्या वजनाला घेऊन गेले, तर काट्याच्या शेडबाहेर बायकांचा घोळका. फळ्यावर एक नकाशा चिकटवलेला. बंदराचा मार्ग खोल करायचा आहे, त्यातून उपसलेला गाळ टाकायला जागा ठरवली आहे, हरकत असेल तर सुनावणीला या, असं खाली लिहिलं होतं. ती जागा तिरप्या रेघांनी भरली होती. ती आमची जागा होती. आमचा सगळा चिखल, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आणि त्या रेघांवर आडवं लिहिलं होतं, 'मानवी वावर नाही.'

तळपायाची आग मस्तकात गेली. वावर नाही? मग मी काय बगळा आहे?

"तू बोल सुनावणीला," बायका म्हणाल्या. "तुझा भाऊच आहे तिथे."

"सोडा माझ्यावर," मी म्हणाले. अशी वाक्यं माझ्या तोंडातून विचाराच्या आधी बाहेर पडतात.

घरी आले ती थेट टेबलाशी. काखेत कळसा नि गावाला वळसा, तशी गत. ज्या कागदाशेजारी मी रोज जेवत होते, त्यावर मी कधी स्वतःला शोधलंच नव्हतं. आता बोट ठेवून एकेक चौकट वाचली. बंदर होतं. मोठ्या बोटींची मासेमारी होती. साबणाच्या कारखान्याचं पाणी होतं, किनाऱ्यावर फिरायला येणारे लोक होते, त्यांची कुत्रीसुद्धा होती. कुत्र्यांना स्वतंत्र बाण होता! चिखल होता, त्याच्या स्थितीची चौकट होती. पण तिच्यात कुणाचाही बाण येत नव्हता आणि तिच्यातून कुणाकडेही जात नव्हता.

साहेब संध्याकाळी आला. त्याला बूट काढू दिले नाहीत.

"आम्ही कुठे आहोत?"

त्याला लगेच समजलं. तो खुर्चीवर बसला. मी बसले नाही.

"मुद्दाम नाही घातलं," तो म्हणाला. "पलीकडच्या खाडीचा आराखडा झाला ना, त्यात शिंपल्या उकरणाऱ्यांना ताणाच्या चौकटीत टाकलं होतं. उकरल्यानं चिखल ढवळतो, लहान पिल्लं मरतात, वगैरे. पुढच्या वर्षी उपायाच्या चौकटीत काय आलं? उकरणं बंद. आख्खी खाडी बंद केली. म्हटलं, तुमच्यावर ती पाळी नको. बाणच काढला नाही, तर बंदी कुणावर घालणार?"

"मग हा गाळ?"

त्यानं इस्त्री केलेली बाही ओढून सरळ केली.

"आमच्यात अशी रीत आहे, की ज्याचा ताण नाही, त्याचा तिथे वावर नाही. आणि ज्याचा वावर नाही, त्याच्यावर परिणामही होत नाही. बंदरवाल्यांनी गाळासाठी रिकामी जागा मागितली. आमच्या मॅडमनी आराखड्यात बघितलं. रिकामी जागा एकच होती."

करायला गेला काय आणि झालं काय! मला त्याला बदडावंसं वाटलं आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही न करता मी दार उघडलं, बाहेर गेले, परत आत आले.

"मग आता घाल बाण. पेन्सिल देऊ?"

"आता घातला तर आधी का नव्हता, हे विचारतील. विचारलं की तुझं नाव निघेल. सख्ख्या बहिणीसाठी साहेबांनी आराखड्यात लपवाछपवी केली, म्हणतील. नोकरी राहायची नाही, ताई."

आई इतका वेळ दारात उभी होती. तिनं गुडघ्यावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "तू गप्प राहायचंस. शिंपल्या काय, दुसरीकडे कुठेतरी मिळतील. घरात एकाचं तरी नशीब कोरड्या जागेवर आहे, ते भिजवू नकोस."

त्यानंतरचे दिवस कसे गेले, विचारू नका. चिखलात उतरले की वाटायचं, बोलायचंच. घरी त्याला बूट पुसताना बघितलं की वाटायचं, बोलायचं नाही. रात्री कूस बदलून बदलून अंथरूण गोळा व्हायचं. उकरताना हात चुकायला लागले, पंजानं शिंपल्या फुटायला लागल्या. बायका विचारायच्या, "काय बोलणार आहेस ते ठरलं का?" मी म्हणायचे, "ठरलंय." ठरलं काहीच नव्हतं.

सुनावणी कार्यालयाच्या वरच्या दालनात होती. समोर लांब टेबल, मधोमध अध्यक्ष, एका बाजूला बंदराचे इंजिनिअर, दुसऱ्या बाजूला चष्मेवाल्या मॅडम, म्हणजे भावाच्या वरिष्ठ. त्यांच्यामागे भिंतीवर आमच्या जेवणाच्या टेबलावरचा कागद, आता छापून मोठा केलेला. त्याच्या शेजारी भाऊ हातात काठी घेऊन उभा, कुठल्या मुद्द्याला कुठली चौकट ते दाखवायला. मी मागच्या रांगेत, दोन्ही बाजूंना आमच्या बायका. खिडकीतून पाणी दिसत होतं. ओहोटी लागली होती. माझे पाय खुर्चीखाली आपोआप हलायला लागले.

कारखान्याचं झालं. बोटींचं झालं. किनाऱ्यावरच्या कुत्र्यांवरही चांगला वाद झाला, एक आजोबा तावातावानं बोलले. मग अध्यक्ष म्हणाले, "आता गाळाची जागा. तिथे वावर नाही, असं आराखडा सांगतो. कुणाची हरकत?"

डावीकडून कोपर बसलं. उजवीकडून बसलं. मी हात मांडीखाली दाबून धरले आणि मूग गिळून बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी एका जागी बसले होते, आणि तेही कुठे तर इथे. भावाकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता. मी मान हलवली. नाही बोलत रे, घाबरू नकोस, असं मला सांगायचं होतं. कोपरं थांबली. बायकांनी तोंडं फिरवली. कोपरं सोसली असती, ती फिरवलेली तोंडं सोसवेनात.

"नसेल तर पुढे जाऊ," अध्यक्ष म्हणाले.

"सर," भाऊ म्हणाला. "मागच्या रांगेत एका बाईंनी हात वर केलाय."

माझे हात मांडीखाली होते. सगळ्या माना वळल्या. भावानं काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि माझ्यासाठी थांबला. लहानपणी मी चिखलात पुढे जायचे आणि हा काठावर उभा राहून रडायचा. आता तो तिकडे पुढे उभा होता आणि मी काठावर.

मी उठले. एकदा उठले म्हटल्यावर माझ्या तोंडाला लगाम नाही.

"आम्ही तिथे शिंपल्या उकरतो. रोज. या सगळ्या जणी. माझ्या आधी आई उकरायची."

इंजिनिअर म्हणाले, "पण आराखड्यात तर तसा काही ताण नोंदलेला नाही."

"मग नोंदवा की! आम्ही चिखल उकरतो, तो ढवळतो. पायांनी तुडवतो, बादल्या ओढतो. घाईत असलो की लहान शिंपल्यासुद्धा घेतो, परत टाकत नाही. घ्या लिहून. पण आम्ही तिथे आहोत, हेही त्याच कागदावर लिहा. गाळ टाकलात तर तो चिखलावर नाही, आमच्यावर पडेल."

शेजारची बाई कुजबुजली, "अगं, आपल्याच विरोधात काय बोलतेस?" पण मला आता थांबायचं नव्हतं.

मॅडम चष्मा काढून भावाकडे वळल्या. "हे सर्वेक्षणात कसं सुटलं?"

"सुटलं नाही. मी सोडलं."

"का?"

"ती माझी सख्खी बहीण आहे."

मॅडमनी त्याला बसायला सांगितलं नाही, जायला सांगितलं. जाताना त्यानं खिशातला मार्कर काढून त्यांच्यासमोर ठेवला. मग त्या स्वतः उठल्या, मला एकेक प्रश्न विचारला आणि चिखलाच्या चौकटीशी हातानं दोन बाण काढले. एक आत येणारा, एक बाहेर जाणारा. त्यांचा हात भावाइतका सरळ नव्हता.

निकाल तिथल्या तिथे लागला. त्या जागेचं सर्वेक्षण नव्यानं होणार. ते होईपर्यंत तिथे कुणी गाळ टाकायचा नाही आणि कुणी उकरायचंही नाही. भावाला आराखड्यावरून काढलं आणि चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. बायका जिना उतरताना माझ्याशी धड बोलल्या नाहीत. एकीनं फक्त पाठीवर हात ठेवला आणि ती पुढे गेली. त्यांच्या चुलीचं मी काय करून ठेवलं, ते मलाही कळत होतं.

भाऊ खाली फाटकाशी थांबला होता; तो गेल्यानंतर काय झालं, ते मी त्याला वाटेत सांगितलं. घरी आलो तर आई टेबलाशी बसलेली. टेबल रिकामं होतं, आणि ते केवढं मोठं आहे हे मला तेव्हा दिसलं. भावानं तिला सगळं सांगितलं, काही न वगळता. मी खिडकीशी उभी राहिले. आता ती ओरडणार, मग मी ओरडणार, म्हणजे बरं वाटेल, अशी माझी समजूत.

आई ओरडली नाही. तिनं विचारलं, "आपल्याला लिहिलं का मग?"

"हो," मी म्हणाले. "'हाताने शिंपल्या काढणाऱ्या स्त्रिया.' असंच लिहिलंय."

"कुठल्या चौकटीत? त्रास देणाऱ्यांच्या, का त्रास होणाऱ्यांच्या?"

भाऊ म्हणाला, "दोन्ही."

आईनं स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं, त्यांच्यावरून एकदा हात फिरवला.

"मग बरोबर लिहिलंय," ती म्हणाली. "सगळा जन्म गेला त्या चिखलात, पण मला असं कुणी विचारलं नव्हतं."

साहेबाचा चेहरा हलला. तो रडायला लागला, लहानपणी रडायचा तसा, आवाज काढून. मी त्याच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसले.