द्वारकाबाईच्या कवळीला टाकी

द्वारकाबाईच्या तोंडात स्वतःचे बत्तीस दात होते तोवर त्यांच्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही. कवळी बसली आणि सगळ्या घराला तिच्या तोंडाची काळजी लागली.

कवळी अकरा वर्षांची, एका शिबिरात बसवलेली. आली तेव्हा ताकासारखी पांढरट होती. मग तिच्यावरून अकरा वर्षांचा चहा गेला, दिवसातून चारदा, बशीतून. काळा मसाला गेला, कात गेला, आणि मुख्य म्हणजे मिश्री गेली. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, तिची पूड करायची आणि सकाळी उंबऱ्यावर बसून ती दातांना घासायची, हा द्वारकाबाईचा साठ वर्षांचा नेम. दात पडले एवढ्यावरून नेम मोडावा हे तिला पटलं नाही. ती कवळी काढून डाव्या हातात धरायची, उजव्या हाताच्या बोटानं तिला मिश्री घासायची, आणि मग उरलेली रिकाम्या हिरड्यांना. हिरड्यांनी तरी काय घोडं मारलं होतं?

अकरा वर्षांत कवळी चिंचोक्याच्या रंगाची झाली. दाढा घासून घासून सपाट झाल्या, त्यांच्यावर मुंगीचा पाय घसरला असता. दाढा झिजल्या तसे दोन्ही जबडे जास्तच जवळ यायला लागले, ओठांच्या कडा आत वळल्या, आणि जन्मभर एकमेकांशी न बोललेली नाक-हनुवटी गाठीभेटीला निघाली.

हे सगळं पहिल्यांदा नीट बघितलं ते अर्पितानं. अर्पिता म्हणजे द्वारकाबाईची नात, नुकतीच दातांची डॉक्टर झालेली. ढोकीत तिचा दवाखाना निघणार होता, येत्या रविवारी उद्घाटन. महिन्याभरापूर्वी तिनं चुलीसमोरच आज्जीला आ करायला लावलं होतं.

"आज्जे, दाढांवर उंचवटे असतात, ते घास फोडतात. तुझे पार गेले. तू चावत नाहीस आता, नुसती दाबतीस."

"दाबूनच ह्या घरातलं समदं सरळ ठिवलंय म्या."

"आणि हा रंग बघ. मिश्री खरखरीत असते. तिनं कवळीवर बारीक ओरखडे पडतात, त्या ओरखड्यांत चहा बसतो, मसाला बसतो. मग तू अजून घासतीस, अजून ओरखडे, अजून चहा."

"म्हंजी घासलं तरी काळं आन न्हाय घासलं तरी काळं."

"तसं नाही..."

"मग घासलेलं काय वाईट?"

पाच वर्षांच्या कॉलेजात अर्पिताला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

तिनं नवी कवळी करायला घेतली. रंग ठरवायला एक पट्टी असते, तिच्यावर एकापेक्षा एक गडद असे सोळा दात ओळीनं लावलेले. ही पट्टी अर्पिताच्या बापाच्या, रणधीरच्या हातात पडली. रणधीरचे उसाचे दोन ट्रॅक्टर. त्यानं नवा ट्रॅक्टर निवडावा तसा सगळ्यात पांढरा दात निवडला.

"पप्पा, ह्या वयाला थोडा पिवळट शोभतो."

"फोटोत उठून दिसलं पायजे, बाई."

फोटो म्हणजे दवाखान्याच्या दारावरचा फलक. त्यावर दोन चौकटी आखल्या होत्या. डावीकडं 'आधी', तिथं द्वारकाबाई जुन्या कवळीत. उजवीकडं 'नंतर', तिथं द्वारकाबाई नव्या कवळीत. उजवा फोटो रविवारी स्टेजवर, माजी सभापतींच्या शेजारी निघणार होता. आणि जुनी कवळी काचेच्या पेटीत घालून, वर 'आधी' अशी चिठ्ठी डकवून, दवाखान्याच्या बाकड्यासमोर कायमची ठेवायची होती. लोकांनी बघावी आणि घाबरून आत यावं म्हणून.

ते द्वारकाबाईच्या मनाला लागलं. आपल्या तोंडाचं चारचौघांत भूत करून मांडणार! पण पोरगी कष्टानं शिकलेली. म्हातारीनं तोंड मिटून घेतलं आणि नवी कवळी बसवून घेतली.

म्हणजे मिटून घ्यायचा प्रयत्न केला. तोंड मिटेना. नव्या दाढा उंच होत्या, ओठ एकमेकांपर्यंत पोचतच नव्हते. आरशात संडासाच्या नव्या फरशीसारखी लख्ख रांग दिसत होती आणि तिच्यामागं कुठंतरी द्वारकाबाई होती.

"महिनाभरात सवय होईल," अर्पिता म्हणाली.

महिना कुठला? गुरुवारी हणमंतप्पा गेला.

हणमंतप्पा शेजारच्या आळीतला, ब्याऐंशीचा. त्यांच्यात रीत अशी की मयताला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. अंगाला विभूती, गळ्यात हार, खुर्चीत ताठ. द्वारकाबाई आत आली, हणमंतप्पाकडं बघितलं, आणि तिला खरंच भरून आलं. चाळीस वर्षं हा माणूस तिच्या बांधावरून जाताना "काय वयनी, जेवण झालं का?" म्हणायचा. तिनं हणमंतप्पाच्या बायकोच्या, इरम्माच्या गळ्यात पडून गळा काढला.

गळा निघाला, पण वर दात निघाले. पाणावलेल्या डोळ्यांखाली सोळाच्या पट्टीतला सगळ्यात पांढरा रंग. ओठ मिटायला बघायचे, परत उघडायचे. बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. सबंध खोलीत दोनच जणांकडं लोक बघत होते. खुर्चीतल्या हणमंतप्पाचं तोंड कसं नीट मिटलेलं होतं, आणि हिचं मिटता मिटत नव्हतं.

इरम्मानं डोळे पुसले, मागं सरकली. "द्वारके," ती म्हणाली, "माझा धनी गेला. तुला हसाय काय झालं?"

"हसत न्हाय गं, कवळी हाय."

"मग मयतीला कशाला आणलीस?"

द्वारकाबाई घरी आली. नवी कवळी पाण्याच्या फुलपात्रात टाकली, वर ताटली झाकली, ताटलीवर वरवंटा ठेवला. ज्या तोंडानं माणसाला नीट रडता येत नाही ते तोंड आपलं नव्हे. जुनी कवळी परत बसवली. ती गळ्यात हात घातल्यासारखी ओळखीनं बसली.

पण रात्रीच्या जेवणाला ताटात कडक भाकरी आली, आणि पोरगी खोटं बोलत नव्हती हेही कळलं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हे द्वारकाबाईचं जेवण. दोन वर्षं ती भाकरी दुधात बुडवून, भिजवून, गिळून भागवत होती आणि कुणाला कळू देत नव्हती. आता पांढरीनं रडता येत नाही, काळीनं खाता येत नाही. ती घास तोंडात धरून बसून राहिली. बायामाणसांना आधी दात जातात, मग ताट जातं, मग कुणीतरी वाटीत मऊ भात कालवून आणतं आणि "खा गं" म्हणतं. वाटी यायच्या आत काहीतरी करायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी गल्लीत भोंगा वाजला. "जात्याला टाकी, पाट्याला टाकी, मिक्सरच्या भांड्याला पातं!" दगडोबा मोपेडवरून चालला होता. जातं दळून दळून गुळगुळीत झालं की धान्य फुटत नाही, नुसतं सरकतं. मग छिन्नी-हातोडीनं त्याला खवले पाडावे लागतात, त्यालाच टाकी लावणं म्हणतात. दगडोबाच्या बापानं ह्या गावातल्या सगळ्या जात्यांना टाकी लावली होती. दगडोबाच्या वाट्याला जास्त करून मिक्सर आले.

"थांब रं," द्वारकाबाई म्हणाली आणि कवळी काढून त्याच्या हातावर ठेवली.

दगडोबानं ती बघितली. मग द्वारकाबाईकडं बघितलं. "मावशी, म्या दगडाचा माणूस."

"जातं गुळगुळीत झालं की काय करतूस?"

"टाकी लावतो."

"ह्ये जातंच हाय. तोंडातलं. वरची तळी, खालची तळी. लाव."

"फुटलं तर?"

"फुटलं तर माझं फुटंल. तुझ्या बापानं माझ्या सासूच्या जात्याला टाकी लावली, तवा विचारलं व्हतं का फुटलं तर म्हून?"

बापाचं नाव निघाल्यावर दगडोबाचा इलाज चालेना. त्यानं पोत्याची चौपदरी घडी केली, तिच्यावर कवळी ठेवली आणि पिशवीतली सगळ्यात बारीक छिन्नी काढली. एरवी दणादण हाणणारा माणूस श्वास धरून टुकटुक करत बसला. सवयीनं त्यानं प्रत्येक दाढेला जात्यासारखीच नक्षी पाडली, मधून कडेला जाणारी. अर्धा तास लागला. शेवटी त्यानं फुंकर मारली आणि म्हणाला, "आता पहिलं दळण टाकून द्या, कच निघंल."

द्वारकाबाईनं चूळ भरली, कवळी बसवली, कडक भाकरीचा तुकडा मोडून दाढेखाली धरला.

कडाक.

निघायला मोपेडवर बसलेला दगडोबा परत खाली उतरला. द्वारकाबाईनं दुसरा तुकडा फोडला, तिसरा फोडला. डोळे मिटून अख्खी चतकोर खाल्ली. दोन वर्षांनी भाकरीचा आवाज तिच्या डोक्यात घुमत होता.

"मावशी," दगडोबा हळूच म्हणाला, "आमच्या म्हाताऱ्याची बी कवळी हाय."

रविवारी ढोकीत मांडव, खुर्च्या, सनई लावलेली. दारावर फलक, उजवी चौकट रिकामी. टेबलावर काचेची पेटी उघडी. रणधीरनं घातलेला पांढरा शर्ट साधारण नव्या कवळीच्याच रंगाचा होता. माजी सभापतींचं भाषण झालं, त्यात दात दोनदा आले आणि पाणीप्रश्न नऊ वेळा. मग अर्पिता माईकवर आली.

"माझी पहिली पेशंट, माझी आज्जी."

द्वारकाबाई पदर सावरत स्टेजवर चढली, सभापतींच्या शेजारी बसली आणि फोटोवाल्याकडं बघून झकास हसली. चिंचोक्यासारखी काळी रांग, वरची-खालची, पूर्ण.

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. रणधीर खालून दबक्या आवाजात म्हणाला, "माय, नवी कुठाय?"

"वरवंट्याखाली."

फोटोवाला म्हणाला, "आजी, हा 'आधी'चा झालाय. आता 'नंतर'चा द्या."

"ह्योच नंतरचा हाय." द्वारकाबाईनं माईक स्वतःकडं वळवला. "ऐका. माझ्या नातीनं मला पांढरे दात दिले. मयतीत गेले तर लोक म्हणले म्हातारी हसती. मला माझ्या रंगाचे दात पायजेत. मी अकरा वर्षं घासून हा रंग आणलाय, कुणाच्या पेटीत ठिवायला न्हाय आणला. आन खाता येत न्हाय म्हणत असाल, तर ह्ये बघा."

तिनं पदराच्या गाठीतून कडक भाकरी काढली आणि माईकसमोर फोडली. कडाक! आवाज भोंग्यातून थेट रस्त्यापर्यंत गेला. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक मारून मागं वळून टायर बघितले. मांडवात हशा पिकला, टाळ्या पडल्या. द्वारकाबाईला जोर आला. तिनं दुसरा घास जरा मोठा घेतला.

ह्या वेळी आवाज वेगळा आला.

तिनं तोंडापुढं पदर धरला. पदर खाली आला तेव्हा खालच्या कवळीचे दोन तुकडे तिच्या दोन हातांत होते. सभापतींनी उगीच स्वतःच्या दाताला हात लावून बघितला.

अर्पिता पुढं झाली. तिनं तुकडे घेऊन उजेडात धरले. दाढांवर मधून कडेला गेलेली बारीक नक्षी, आणि नेमकी एका रेघेतून गेलेली चीर.

"आज्जे, ह्याला... टाकी लावलीस तू?"

"तूच म्हनलीस उंचवटे पायजेत. म्या पाडून घेतले." वरची कवळीही तिनं काढून नातीच्या हातावर ठेवली. आता तोंडाचं बोळकं झालं होतं, पण मान तशीच ताठ. "दोन दिस पोटभर जेवले."

अर्पितानं ओठ दाबून धरले. हसू की रडू तिचं तिला ठरवता येईना. "ही जिथं टोचली तिथूनच फुटली. घाव घातला की असंच होतं हिला." मग खालच्या आवाजात, "पण चूक माझी पण आहे. उंची मी एकदम चढवली. थोडी थोडी चढवायला हवी होती. म्हणून मिटेना तोंड."

"मग आता उंची तुझी," द्वारकाबाई म्हणाली. "रंग माझा."

"पट्टीत तुझा रंगच नाही, आज्जे."

"मग पट्टी अपुरी हाय."

अर्पितानं सोळा दातांची पट्टी आणली. द्वारकाबाईनं सगळ्यात शेवटच्या, सगळ्यात गडद दातावर बोट ठेवलं, जरा वेळ न्याहाळला, आणि म्हणाली, "ह्यो चालंल. पुढचं मी घासून बघीन."

"मिश्री नाही."

"ते नंतर बघू."

रणधीर काचेची पेटी उचलून आत न्यायला निघाला होता. "थांब," द्वारकाबाईनं हाक दिली. "ती पांढरी आन घरून. पेटीत ठेव, वर चिठ्ठी हायच लावलेली."

"माय, चिठ्ठीवर 'आधी' लिवलंय."

"मग? ती आधीचीच झाली की."

फोटोवाला अजून उभाच होता. उजवी चौकट रिकामी होती, उजेड उतरत चालला होता. "आजी, आता तोंडात कायच नाही," तो म्हणाला. "नवी आली की काढू फोटो."

"तवर काय मी न्हाय व्हय?" द्वारकाबाईनं पदर नीट केला, अर्पिताला शेजारी ओढून बसवलं आणि आ करून, आतलं सगळं दिसेल असं, हसली. "काढ."