अहेव नवमी

गिरिजाबाईच्या बापाचं नाव कचरू. पोरं जगत नव्हती म्हणून त्याच्या आईनं मुद्दाम हे नाव ठेवलं होतं. तरी तो तेविसाव्या वर्षी गेलाच, आणि गेला हे कळायला गावाला त्र्याऐंशी वर्षं लागली.

वाटूर फाट्यापासून तीन मैल आतल्या या वाडीतून, मेंढरं भावाच्या हवाली करून, कचरू निजामाच्या पलटणीत भरती झाला तेव्हा गिरिजा पोटात होती. पलटण मलायाला गेली. पुढं एक उर्दू कागद आला, त्यात 'लापता' एवढंच होतं. गावानं आपल्या सोयीनं अर्थ लावला. पळाला असेल, तिकडंच दुसरं घर केलं असेल! सगुणाबाई, म्हणजे गिरिजाची आई, 'टाकलेली' झाली. बारा वर्षांनी भावकीनं गवताचा पुतळा जाळून कचरूचं क्रियाकर्म उरकायचं ठरवलं, तर ती दारात आडवी उभी राहिली.

"मेलेला कुनी पाह्यला का? मंग माझ्या कुंकवाला हात लावायचा न्हाई."

साठ वर्षं तिनं रुपयाएवढं कुंकू लावलं आणि साठ वर्षं बायकांनी पाठीमागं दात काढले. पण दोन हजार एक साली ती गेली, तेव्हा त्याच बायकांना तिला हिरवं लुगडं नेसवून, ओटी भरून वाटे लावावं लागलं. गिरिजाबाईच्या जन्मात जीत म्हणावी अशी तेवढीच एक.

तेव्हापासून दर पितृपक्षात अहेव नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांच्या तिथीला, ती आईच्या नावानं एक सवाष्ण जेवू घालायची. भाऊ नव्हता. नवरा घरजावई होता, तोही वारलेला. विधवेच्या हातची ओटी चालत नाही म्हणून ती सून रेणुका भरायची, आणि जेवायला शेजारची बेबीनंदा यायची. चोवीस वर्षांत एकदाही खंड पडला नव्हता.

यंदा आषाढात मलेशियाहून पत्र आलं. जालन्याच्या कचेरीतून फिरत फिरत ते ग्रामपंचायतीत पोचलं. सरपंच देवानंदनं ते मराठीत करवून आणलं आणि गिरिजाबाईच्या ओट्यावर बसून वाचून दाखवलं. लिहिणारी होती इस्माईल नावाच्या मलय शिपायाची नात. इस्माईल तिकडचा मोठा वीर, त्याच्या नावाची शाळा आहे. जपानी फौज किनाऱ्यावर उतरली तेव्हा बाकीचे मागं हटले आणि एका मशीनगनवर दोघंच उरले, इस्माईल आणि कचरू. कचरूच्या मानेत गोळी लागली. इस्माईलनं त्याला पाठीवर घालून नारळीच्या बागेत आणलं, आणि तो मेल्यावर स्वतःच्या हातानं खड्डा खणून पुरलं. पुढं जपान्यांनी इस्माईलला धरून त्याचे हाल हाल केले, पण त्यानं साथीदारांची नावं सांगितली नाहीत. म्हातारपणी वहीत मात्र त्यानं कचरूचं नाव, गाव, तारीख लिहून ठेवली. मरेपर्यंत दर आठ डिसेंबरला तो त्याच्यासाठी दुआ मागायचा.

गिरिजाबाई ढसाढसा रडली. परक्या मुलखातल्या, परक्या धर्माच्या माणसानं जे केलं ते सख्ख्या भावकीला सुचलं नव्हतं. आणि आई टाकलेली नव्हती! काठी टेकत घरोघर जाऊन तिनं हे सांगितलं.

गावाला काय, आयता वीर मिळाला. ज्यांच्या आज्यांनी कचरूला पळपुटा म्हटलं, त्याच नातवांनी कमान उभी केली. पंधरा ऑगस्टला तिच्यावर सोनेरी अक्षरं चढली : शहीद कचरू, वीरमरण ८ डिसेंबर १९४१. गिरिजाबाईला शाल मिळाली. बोलायला माईक काही मिळाला नाही.

मग नवमी आली. पुरणाच्या पोळ्या झाल्या, कढी झाली, भजी तळली. पाटाशेजारी खण, हिरव्या बांगड्या, कुंकवाचा करंडा मांडला. दुपार कलली तरी बेबीनंदा येईना, तेव्हा गिरिजाबाई तिच्या दारात गेली.

"मावशी, राग धरू नका," बेबीनंदा उंबऱ्याआडूनच म्हणाली. "तुमचे वडील एक्केचाळीसलाच गेल्ते. मंग तुमची माय सवाशीण कशी? तिच्या नावानं पानावर बसले तर माझ्या धन्याचं काय?"

"चोवीस वर्षं जेवलीस की गं!"

"तवा ठाव न्हवतं. आता कमानीवरच लिवलंय."

गिरिजाबाई तशीच पंचायतीत गेली. "देवानंदा, ती तारीख पुसून टाक."

"आजी, तारखेबिगर शहीद कसा व्हईल?" देवानंद हसला. "मायचं आता सर्वपित्रीला उरका की, सगळ्यांसंगं."

साऱ्या गावाला शिव्या घालतच ती घरी आली. "रेणुका, बाहेरची सवाशीण नको आपल्याला. तूच बस."

तीस वर्षांत रेणुकानं सासूचा शब्द खाली पडू दिला नव्हता. ती पाटापाशी गेली, वाकली, आणि तशीच थांबली.

"आत्या, तुमी म्हनाल तर बसते. पण हे टरक घेऊन नागपूरच्या रोडवर हायेत."

'हे' म्हणजे शिवशंकर, गिरिजाबाईचा एकुलता एक लेक. 'बस' म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण शब्द बाहेर येईना. ज्या भीतीला ती वाटभर शिव्या देत आली होती, ती तिच्याच पोटात बसलेली होती. तिला स्वतःची किळस आली.

तरी तिनं पाटाजवळचा करंडा उचलला, बांगड्या उचलल्या, खणाची घडी घातली आणि सगळं फडताळात ठेवून दिलं.

"अमावस्येला घालू," ती म्हणाली.

सगुणाबाईचं कुंकू साठ वर्षांत गावाला पुसता आलं नव्हतं. ते लेकीनं पुसलं.