ब्रोमेलकाकांचं हसू आणि तीन लाल दिवे

शाळेची देखभाल करणारे ब्रोमेलकाका एकतीस वर्षांत फक्त एकदा हसले होते आणि नेमकं त्याच क्षणी विब्केनं कॅमेऱ्याचं बटण दाबलं होतं! आज चार वाजता काकांचा निरोप समारंभ. "त्यांच्या हसण्याचा फोटो मी स्वतःच्या हातानं धुऊन देणार," असं विब्के अख्ख्या वर्गासमोर बोलून बसलेली. फोटोचे कागद उरले होते दोन. वाजले होते तीन. आणि शाळेच्या डार्करूममधला, म्हणजे फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीतला, लाल बल्ब फट्दिशी गेला.

"थांब, दिवा आहे!" तिची मैत्रीण फेन्या धावत जाऊन सेंट मार्टिनच्या सणातल्या मिरवणुकीसाठी केलेला निळा कागदी कंदील घेऊन आली. "बघ, किती मिणमिणता, कागद खराब नाही व्हायचा. माझं नाकसुद्धा दिसत नाहीये."

"तुझं नाक दिसत नाहीये? मग चालेल!"

चाललं नाही. रसायनात बुडवलेला पहिला कागद काळाकुट्ट झाला.

"हे ब्रोमेलकाका नाहीत," फेन्या म्हणाली. "हा कोळसा आहे."

विब्के रडवेली होऊन खाली बसली. आणि बसल्या बसल्या तिला कालचा तास आठवला. पदार्थविज्ञानाच्या क्नोलबाईंनी फेन्याला कापसाचे पन्नास बोळे मारले होते, आणि मग एकच खडू.

"फेन्या! काल तू 'आई गं' कधी ओरडलीस?"

"खडू लागल्यावर. अजून दुखतंय."

"अगं, तेच तर! लाल प्रकाशाची लाट लांब, म्हणून त्याचा एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, कापसासारखा. निळ्याची लाट आखूड, म्हणून त्याचा प्रत्येक फोटॉन खडू! मंद दिव्यातून खडू थोडे येतात, पण येतात खडूच, आणि कागदाला लागतात! आपल्याला लालच हवा, मग तो कितीही झगझगीत असो."

दोघी सायकल स्टँडकडे सुसाट पळाल्या आणि सायकलींचे मागचे लाल दिवे उपसून घेऊन आल्या. दोन त्यांचे, एक कुणाचा तरी. तिन्ही लावले तर खोली लालभडक!

"बाई गं, मला तुझ्या पुटकुळ्या मोजता येतायत," फेन्या घाबरली. "एक तरी विझव. शेवटचा कागद आहे!"

विब्केनंही एका दिव्याकडे हात नेला. पण ती म्हणाली, "कापूस आहे. पडू दे."

कागद रसायनात गेला. पांढरा. अजून पांढरा. मग हळूहळू चष्मा, मिशी, आणि मिशीखाली दात! दोघींनी अशी किंकाळी फोडली की बाहेरून कुणीतरी दार ठोठावलं.

चार वाजता ब्रोमेलकाकांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला, आणि कपाळाला आठी घातली.

"चांगला आहे. पण स्टँडमध्ये तीन सायकलींना मागचा दिवा नाही. नोव्हेंबरात, इतक्या लवकर अंधार पडतो तेव्हा! त्यातली एक माझी आहे."

विब्के अंग चोरून उभी, आणि तिचा खिसा आतून लालेलाल चमकत होता. घाईत दिवे बंदच केले नव्हते.

काकांनी खिशाकडे पाहिलं. त्यांची मिशी थरथरली. मग एक दात दिसला, मग दुसरा.

"विब्के, कॅमेरा!" फेन्या किंचाळली.

कॅमेरा डार्करूममध्ये राहिला होता.