तीन भोकांची बटणं

आमच्या संग्रहालयात जुन्या बटणांची ओळख पटवायचं काम माझं. लोक हसतात, हसू देत. पण त्या आठवड्यात माझीच झोप उडाली, कारण प्रश्न आत्याचा होता.

एका डॉक्टरीणबाईंचा हिरवा कोट देणगीत आला होता. आत्या बघताक्षणी म्हणाली, "हा मी शिवलाय."

आमच्या साहेबांनी बटणांवर बोट ठेवलं. भोकं चार, दोरा मात्र तीनच भोकांतून. "इतका सुरेख कोट शिवणारा हात असा कामचुकारपणा करेल? सोमवारी पाटी छापायचीय. 'शिवणारा अज्ञात' असंच जाऊ दे."

तीनच भोकांतून का शिवलं, हे साठ वर्षांनी आत्याला आठवेना. चौकातली एकमेव शिंपीण ती, जन्मभर लोकांचे कपडे शिवले, पण तिचं नाव कशावरच नाही. ती पिशवी उचलून निघाली. एरवी कुणाचं ऐकून न घेणारी बाई अशी माघार घेऊ लागली की मला सहन होत नाही.

मी संग्रहालयात पडून असलेल्या, बंद पडलेल्या बटण-कारखान्याच्या ट्रंका उपसल्या. नमुन्यांच्या पुठ्ठ्यावर तेच बटण सापडलं, क्रमांक दोनशे सात. पण विक्रीच्या वह्यांत ते घेणारे शिंपी शंभरेक. डोकं धरून बसले. शेवटी कुणी कधी न उघडलेली तक्रारवही हाती लागली.

"क्र. २०७. चौथं भोक आरपार नाही. चौकातल्या शिंपीणबाई म्हणतात, डॉक्टरीणबाईंचा कोट उद्या द्यायचाय, तीन भोकांतच शिवते. पुन्हा असा माल पाठवलात तर स्वतः येईन."

पुढच्याच महिन्यात नोंद होती, "बाई स्वतः आल्या." बस्स, एवढंच. मी एकटीच खो खो हसत सुटले.

साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि पाटीचा मजकूर बदलला.

सोमवारी आत्यानं पाटीवरचं आपलं पूर्ण नाव वाचलं, डोळे पुसले. तक्रारवही दाखवली तर म्हणाली, "गेले होते खरी. कारकून टेबलाखाली लपला होता." मग कोटाकडे वळली. "खालचं बटण सैल झालंय. सुई-दोरा आण गं."

नियमात बसत नव्हतं, पण साहेबांनीच काचेचं दार उघडलं. आत्यानं सुई ओवून त्यांच्या हातात दिली. "चौथ्या भोकातून घालून बघा."

साहेबांनी दोनदा प्रयत्न केला. "नाही जात," ते म्हणाले.

आत्यानं सुई परत घेतली आणि तीन भोकांतून बटण घट्ट केलं.