भरलं मडकं

पहिली गोळी ओळीतल्या शेवटच्या मडक्याला लागली. मडकं जागचं हललंसुद्धा नाही. एका अंगाला बोराएवढं भोक, दुसऱ्या अंगाला त्याहून थोडं मोठं, आणि दोन्हींतून पलीकडची भिंत दिसायला लागली.

"देखा?" खाकी कपड्यांतला रझाकार सोबत्यांकडे वळून हसला. औशापासून तीन कोसांवरच्या त्या गावात ते तिघं सकाळीच शिरले होते. वेशीपाशी दोघांना पाडलं, पाटलांची कडब्याची गंज पेटवली, आणि आता कुंभाराच्या अंगणात नेम धरून बघत होते.

मलप्पा कुंभार हात जोडून उभा होता. पण गप्प बसणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

"सरकार, मडक्याला भोक पाडाया बंदूक कशाला? मसणात आमी खड्यानं पाडतो की."

दारातल्या केवळाबाईनं डोळे मिटून घेतले. नवऱ्याची ही जीभ तिला लग्नापासून ठाऊक होती.

रझाकार हसायचा थांबला. मलप्पाच्या पायाशी एक कोरं मडकं पाण्यानं काठोकाठ भरलेलं होतं. श्रावणात रोज कोऱ्या मडक्यानं महादेवाच्या पिंडीवर पाणी घालायचं, तोवर आपण घोटभरही प्यायचं नाही, हा केवळाबाईचा नेम.

"इसमें क्या है?"

"पाणी हाय, सरकार. देवाचं."

त्यानं तेवढ्याच अंतरावरून त्यावर गोळी झाडली. या मडक्याला भोक पडलं नाही. ते चहूअंगांनी एकदम फुटलं. खापऱ्या भिंतीवर आदळल्या, एक छपरावर गेली. गोळी लागली होती गळ्याशी, पण तळाचेही तुकडे झाले.

तिसरी गोळी मलप्पाला लागली.

ते गेल्यावर माणसं जमली. शेजारच्या दस्तगीर पिंजाऱ्यानं पिंजलेल्या कापसाचा गोळा आणला. मार्तंडबुवा गावचे वैद्य. त्यांनी सदरा फाडून पाहिलं. डाव्या कुशीत, बरगडीखालच्या मांसातून गोळी पुढून शिरून मागून निघाली होती. पोटात गेलीच नव्हती. रक्तही फार नव्हतं.

"देवानं राखलं," बुवा म्हणाले. "वरच्यावर आरपार गेली. हळद भरा अन् बांधा."

हणमंतराव पाटील घाईत होते. रझाकार पुन्हा यायच्या आत सगळं गाव गाड्या जुंपून बार्शीच्या रस्त्याला लागणार होतं. तिकडं निजामाची हद्द संपत होती, रझाकारांचा हात पोचत नव्हता. "वैनी, चला, उचला ह्याला. माज्या गाडीत घाला. तिकडं सरकारी दवाखाना हाय."

"चल की, केवळे," मलप्पा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "पाटलाच्या गाडीत बसाया गोळी खावी लागली बघ." मग हळूच, "खांदा लई दुखायलाय गं. डावा."

"खांद्याला काय झालंय तुमच्या?"

"काय न्हाई. तरी दुखतोय."

केवळाबाईनं खांदा चाचपला. ओरखडासुद्धा नव्हता. तिचं लक्ष अंगणातल्या खापऱ्यांकडे गेलं, मग कडेच्या त्या भोक पडलेल्या मडक्याकडे.

भट्टीतून निघालेलं मडकं ती बोटाच्या पेरानं वाजवून बघायची. पंचवीस वर्षं तेच काम. डोळ्याला न दिसणारा तडा कानाला कळतो. ती खाली बसली आणि चारचौघांत नवऱ्याचं पोट तिनं पेरानं वाजवलं. उजवीकडं पोकळ वाजलं. डावीकडं, जखमेपासून वीतभर लांब, बद्द. तिनं पुन्हा वाजवलं. बद्द. वरून पोट पाटीसारखं ताठ.

"पाटील, ह्यास्नी हलवू नगा. आतून तडा गेलाय."

"माणूस हाय का मडकं?" पाटील वैतागले. "गोळी कुशीतून गेली बाहीर, डोळ्यांनी बघितलं न्हाई का?"

"रितं असतं तर भोक पडून भागलं असतं," ती हळू आवाजात म्हणाली. "माणूस भरलेला असतो, पाटील. गोळी जिथनं गेली तिथंच न्हाई लागत. आतलं सगळं हादरतं. ह्या चिखलात गाडीनं बार्शी दोन दिस. धक्क्याधक्क्याला तडा वाढंल."

मार्तंडबुवांनी वाकून पोटावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग ते मलप्पाच्या उशाशी मांडी घालून बसले. पाटलांनी ते पाहिलं आणि गाड्या हाकायला सांगितल्या.

गाव रिकामं झालं. केवळाबाई, बुवा आणि दस्तगीर तेवढे राहिले.

उन्हं डोक्यावर आली तसा मलप्पा पांढरा पडत गेला. बांधलेल्या कापसावर नवं रक्त नव्हतं. पोट मात्र फुगत होतं.

"पाणी दे."

तिनं ओल्या फडक्यानं त्याचे ओठ भिजवले.

"तू प्यालीस का?"

"नेम व्हायचा हाय माजा."

"त्येनं फोडलं न्हाई का तुज्या देवाचं मडकं." तो हसायला गेला आणि कळवळला. "आनिक एक घे की. घरात मडक्यांला काय तोटा?"

ती उठली नाही. त्याचा हात तिच्या हातात होता. तो गार पडत गेला, आणि दुपार कलायच्या आत सुटला.

बुवा आणि दस्तगीर यांनी तिरडी बांधली. दोन पोरींची लग्नं झालेली, मुलगा नाही, भाऊबंद गाडीवाटेला लागलेले. बुवा अवघडून म्हणाले, "बाई, मडकं घेऊन फिरायला कुणी पुरुष माणूस…"

"मी फिरते."

बुवांनी मान डोलावली. मडक्याला भोक पाडण्यासाठी त्यांनी अंगणातला खडा उचलला.

"खडा राहू द्या, बुवा," केवळाबाई म्हणाली.

ओळीतलं शेवटचं मडकं तिनं उचललं. सवयीनं पेरानं वाजवलं. दोन भोकं असूनही तडा नव्हता. दोन्ही भोकांवर तळवे दाबून धरले आणि दस्तगीरला त्यात पाणी ओतायला सांगितलं. सकाळपासून तिच्या घशाखाली थेंब उतरला नव्हता.

ओढ्याकाठी चितेपाशी तिनं मडकं खांद्यावर घेतलं आणि भोकांवरचे तळवे काढले. पुढून एक धार लागली, मागून एक. ती सावकाश चालायला लागली.