शॉटमधली बाई

"वेचलेला कापूस परत झाडाले चिकटवाचा?" विमलताईला हसू आवरेना. "नलू, तीस वर्सं वेचला व आपून. आता फेडून राह्यलो!"

नलूने बोंडाला गोंद लावून पुंजका दाबला. मार्च महिना. आर्णीजवळच्या त्या शेतात कपाशीच्या पऱ्हाट्या केव्हाच वाळून खडखडीत झाल्या होत्या. पण नागपूरच्या रॉक बँडला आपल्या पहिल्या गाण्याच्या व्हिडिओसाठी पांढरंशुभ्र रान हवं होतं. म्हणून दहा बाया सकाळपासून उलटी वेचणी करत होत्या.

शेताच्या मधोमध फ्रिज, आत ठासून कापूस. शेजारी मंगल कार्यालयातला नवरा-नवरीचा लाल सोफा. बँडवाली पोरं डोक्यावर निळ्या बादल्या पालथ्या घालून वाजवणार होती. त्यातला ड्रमवाला अश्वजित नलूच्याच वस्तीतला. "काकू, खरा पंप पायजे," म्हणत डोमाजीचा फवारणीचा पंप त्यानेच मागून आणला होता. डोमाजी म्हणजे नलूचा नवरा.

"अन् ह्याचा अर्थ काय होते रे?" नलूने विचारलं.

"अर्थ नसते काकू. सपनासारखं आहे," बादलीतून आवाज आला.

"सपनात फ्रिज येते तुले? मले तं नाही आला कधी."

दुपारी गायक पंप पाठीवर घेऊन, हातात बाटली धरून सोफ्यावर बसला. दिग्दर्शक स्वानंद पुण्याचा. तो म्हणाला, "आता बाटली तोंडाला लाव. शेवटच्या थेंबापर्यंत. मग मान टाक."

नलूने गोंदाचा डबा खाली ठेवला. ती चालत गेली आणि कॅमेऱ्यापुढे उभी राहिली.

"ताई, बाजूला व्हा. शॉटमध्ये येताय."

"तो काय पिऊन राह्यला?"

"विष. म्हणजे पाणीच आहे. प्रतीक आहे ते."

दोन हजार सतराच्या पावसाळ्यात डोमाजी मजुरीने औषध मारत होता. पऱ्हाटी डोक्याएवढी. वाऱ्याने उलटलेलं औषध अंगावर आलं, डोळ्यांत गेलं, छातीत गेलं. चौथ्या दिवशी तो गेला. कुणीतरी खुर्चीत बसून लिहून टाकलं, 'विष प्राशन केले'. कापसाच्या मुलखात माणूस मेला म्हणजे प्यायलाच असणार, एवढीच त्या खुर्चीची अक्कल. ते तीन शब्द खोडायला नलूने चौदा महिने अर्ज घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. तेव्हा कुठे कागदावर आलं, 'फवारणी करताना विषबाधा'.

"प्रतीक तुमचं असंन, मानूस माह्या होता," नलू म्हणाली. "तो पेला नाही. काम करता करता मेला. त्याचा पंप पाठीवर घेऊन कोनी पिनार नाही."

"पण ताई, त्याशिवाय लोकांना कळणार कसं?"

"नाही कळलं तं नाही. खोटं काहून सांगता?" ती ड्रमकडे वळली. "अश्वजित, माहे अर्ज कोनं लिहले होते रे? बोल नं बादलीतून."

बादली हळूहळू वर उचलली गेली. आतलं तोंड घामाने थबथबलेलं होतं.

"मीच लिहले." तो स्वानंदकडे वळला. "बाटली काढा."

"सगळा व्हिडिओ या शॉटवर आहे, अश्वजित! ऊन उतरतंय."

"मंग उतरू द्या."

नलू हलली नाही. कॅमेरा चालूच होता, तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

दीड महिन्याने गाणं आलं. अश्वजितने विमलताईच्या ओट्यावर मोबाइल धरला. बादल्या, फ्रिज, सोफा. मग गिटार एकदम थांबते आणि सात सेकंद एक बाई कमरेवर हात ठेवून सरळ बघत राहते. बाटली कुठेच नाही.

"काकू, लोक हेच विचारून राह्यले. हे बाई कोन, म्हन्ते. सगळ्यात अजब हेच वाटलं त्यायले. गाण्याखाली काय लिहू?"

"नाव लिव्ह."

"तुमचं?"

"डोमाजीचं. अन् कायनं मेला ते. पुरं लिव्ह."

अश्वजित लिहू लागला. नलूने ते त्याच्याकडून मोठ्याने दोनदा वाचून घेतलं, आणि मगच ती ओट्यावरून उठली.